तुझी वेणी छान आहे

आचल वलथरेची वेणी साऱ्या तरोडीत नावाजलेली आहे, असा आचलचा समज होता. बाजारात, बसस्टॉपवर, लग्नाच्या मांडवात कोणी तिच्याकडे पाहून काही बोलले की ती मोठ्या बहिणीकडे पाहायची आणि मोनाली हाताने सांगायची, तुझी वेणी छान आहे म्हणतात. आचलला जन्मापासून ऐकू येत नव्हते. जग काय बोलते ते तिच्यापर्यंत मोनालीच्या बोटांतूनच पोचायचे. गावाचे वेणीकडे एवढे लक्ष म्हटल्यावर केसांची हेळसांड करून कसे चालेल? आचल इमानेइतबारे खोबरेल चोपडायची, मोनाली वेणी घालून द्यायची, आणि वेणी वाढत वाढत कमरेखाली गेली.

मोनालीने स्वतःचे केस मात्र कानापर्यंत कापून टाकले होते. सकाळच्या घाईत एकाच डोक्याची वेणी होते, दोन डोक्यांची होत नाही, असे ती म्हणे.

लोक वेणीबद्दल अवाक्षरही बोलत नव्हते. लोक काय बोलत ते सांगायलाच हवे असे नाही. मुक्या-बहिऱ्या पोरीकडे पाहून गाव जे बोलते तेच तरोडीही बोलत होती. त्यात दुष्टपणा थोडा आणि हळहळ जास्त असे, पण हळहळही काही कमी बोचत नाही.

तरोडी हे पूर्व विदर्भातल्या तळ्यांच्या मुलखातले ढिवरांचे गाव. बाप दशरथ वलथरे मासेमारीच्या सोसायटीत. आई लवकर गेली, तेव्हा दोन्ही पोरी बापाबरोबर डोंग्यात असायच्या. जाळे टाकताना तोंड बंद ठेवायचे, मासा पळतो, असा त्या घरचा दंडक होता. त्यामुळे हातांनी बोलायची सवय घरात आधीपासूनच होती आणि दोघी बहिणींनी तिची एक अख्खी भाषा करून टाकली. मरळ माशाची खूण वेगळी, शिंगीची वेगळी, काटा लागल्यासारखे बोट झटकायचे. पाण्यात माजणाऱ्या बेशरमीच्या झुडपासाठी जीभ बाहेर काढायची. मोनालीची खूण म्हणजे स्वतःच्या कानाची पाळी धरायची.

आचल पहिलीत गेली तेव्हा मोनाली तिसरीत होती. बापाने मास्तरांना विनवून मोनालीला पुन्हा पहिलीत बसवले, धाकटीच्या शेजारी. तिथून जे शेजारी बसणे सुरू झाले ते कॉलेजपर्यंत. बारावीपर्यंत मोनालीने परीक्षा तरी दिल्या. पुढे फीही एकीचीच झेपणारी होती. बी.एस्सी.चे सगळे तास तिने आचलच्या बाकावर बसून केले, हातांनी आचलला सांगितले, आणि परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर पायरीवर बसून राहिली. आचल पहिल्या वर्गात पास झाली. मोनालीने पेढे वाटले.

ही गोष्ट २०४३ सालची. राज्यातली जुनी तळी आटत, भरत, गाळाने बुजत चालली होती, आणि ती राखायला शिकलेली माणसे हवी होती. म्हणून एका सरकारी संस्थेने 'पाणथळ निरीक्षक' असा नवा अभ्यासक्रम काढला. वर्षभर शिकायचे, पुढे नोकरी. जाहिरात मोठी चांगली होती. बायकांनी यावे, तळ्याकाठच्या जमातींनी यावे, अपंगांनी यावे, सगळ्यांना जागा आहेत. आचलने ती वाचली आणि त्या दिवशी तिचे जेवणात लक्ष लागले नाही. लहानपणापासून तिला तळ्याशिवाय दुसरे काही नकोच होते.

खाली एक ओळ होती. तळ्यावरच्या चाचणीत उमेदवाराबरोबर मदतनीस चालणार नाही. दार उघडले होते खरे, पण उंबरा गुडघाभर उंच ठेवला होता.

आचलने संस्थेला पत्र लिहिले, आणि त्या पत्राचे उत्तर म्हणून फरहीन काझी तरोडीला आली. कामठीची मुलगी, इंजिनियर, वयाने मोनालीपेक्षाही लहान. तिच्या पिशवीत एक चष्मा, दोन मनगटपट्ट्या आणि गळ्यात अडकवायची एक छोटी पेटी होती. त्या सगळ्याला मिळून एक लांबलचक इंग्रजी नाव होते. दशरथने ते ऐकून घेतले आणि 'दुभाष्या' असे नाव ठेवले. तेच टिकले.

फरहीनने ओट्यावर बसून समजावले. माणूस बोट हलवतो तेव्हा मेंदूचा इशारा हाताच्या स्नायूंत पोचतो आणि तिथे विजेची बारीकशी लहर उठते. मनगटावर पट्टी बांधली की ही लहर कातडीवरूनच मोजता येते. प्रत्येक खुणेची लहर वेगळी. पट्टी लहर ओळखते आणि पेटी तो शब्द मोठ्याने बोलते. उलट दिशेचे काम चष्म्याचे. त्याच्या दांड्यांत बारीक माइक होते आणि काचेच्या कडेला कॅमेरा. समोरच्याचा आवाज आणि ओठांची हालचाल यांची सांगड घालून चष्मा बोलणे ओळखायचा आणि काचेवर मराठीत लिहून दाखवायचा. आवाज पोचला नाही तर नुसत्या ओठांवरूनही त्याचे काम बरेचसे भागे.

अडचण एकच होती. असे यंत्र उदाहरणांवरून शिकते. शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या सांकेतिक भाषेची लाखो उदाहरणे त्याला दाखवून झाली होती. तरोडीच्या भाषेचे एकही नव्हते. जवळ मूकबधिरांची शाळा नसल्यामुळे आचलला ती शाळेतली भाषा आता कुठे मोबाइलवरून यायला लागली होती. आणि तिची स्वतःची भाषा बोलणारी माणसे जगात दोन, बापाला अर्धवट धरले तर अडीच.

"ताई, तुम्ही शिकवलं नाही तर हे यंत्र हिच्यापुरतं मुकंच आहे," फरहीन मोनालीला म्हणाली.

मोनालीने होकार दिला. नाही म्हणायला कारणही नव्हते, आणि जे होते ते सांगण्यासारखे नव्हते.

रोज दुपारी तिघी तळ्याच्या घाटावर बसू लागल्या. आचल खूण करायची, मोनाली तिचा अर्थ सांगायची, पट्टी टिपून घ्यायची. आनंद, भूक, गाळ, जाळे, उद्या. बेशरमीच्या खुणेपाशी यंत्र अडले, कारण जीभ काही मनगटाला जोडलेली नसते. तिथे आचलने हाताचीही एक खूण नव्याने बसवली. 'प्राणवायू' या शब्दाला कॉलेजच्या वेळी दोघींनी मिळून खूण केली होती. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती प्राणवायू वापरतात, पहाटे तो सगळ्यांत कमी होतो, आणि मासे वर येऊन तोंडाने हवा गिळतात. बोटांचे तोंड करून वर आणायचे, झाला प्राणवायू. फरहीनला ती खूण इतकी आवडली की घरी आईला फोनवर सांगताना तिने एका हाताने ती करून दाखवली. फोन साधा होता, आईला काय दिसणार!

कानाची पाळी धरायच्या खुणेचा अर्थ फरहीनने विचारला तेव्हा मोनाली म्हणाली, "बाई लिवा." त्या भागात मोठ्या बहिणीला बाई म्हणतात.

दुभाष्या शिकत गेला. शब्द, मग वाक्ये. पेटीचा आवाज पुण्याच्या एखाद्या बातम्या देणाऱ्या बाईसारखा होता, आणि तो आचलच्या गळ्यातून निघाला की दशरथला हसू आवरत नसे. मोनालीही हसायची. पण रोज घरी परतताना तिला वाटायचे की आपण आज आणखी थोड्या रिकाम्या झालो. लोक तिला ओळखत ते आचलचे तोंड म्हणून. ते काम आता गळ्यातली पेटी करणार होती, तीही न थकता. बहिणीचे चांगले व्हावे असे तिला मनापासून वाटत होते आणि त्याच मनात एका कोपऱ्यात रडू येत होते. दोन्ही खरे होते.

शेवटी शेवटी फरहीन सहज म्हणाली, की समोरचा जे बोलेल ते सगळे काचेवर दिसेल, चष्मा काही गाळत नाही. तेव्हा मोनालीला वेणी आठवली. त्या क्षणापर्यंत हे तिच्या मनातच आले नव्हते.

आधीच सांगून टाकावे, असे तिने ठरवले. सांगायला बसली की हात आचलच्या केसांकडे जायचे, आणि सांगण्याऐवजी वेणी घालून व्हायची. असे बरेचदा झाले.

चष्म्याची पहिली परीक्षा आठवडी बाजारात घ्यायची, गोंगाटात तो टिकतो का ते पाहायला, असे फरहीनने ठरवले. आचलने चष्मा चढवला आणि बाजाराच्या तोंडाशीच थबकली. कांदेवाला काय ओरडतो ते तिला वाचता आले. एक म्हातारी बकरीला तिच्या सात पिढ्यांवरून शिव्या देत होती, त्या सगळ्या आचलने उभे राहून वाचल्या. एक बाई नवऱ्याला म्हणत होती की जिलबी घेतल्याशिवाय मी काही हलत नाही. आचलला वाटायचे, लोक एवढे तोंड हलवतात म्हणजे काय मोठमोठ्या गोष्टी बोलत असतील. ती इतकी हसली की फरहीनलाही हसू आले. मोनाली तेवढी हसली नाही.

मासळीच्या ओळीत बयनाबाई बसली होती, दुरून नात्यातली. तिने दोघींना येताना पाहिले आणि शेजारणीकडे वळून बोलली. तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, कळवळाच होता.

"मुकी आली पाय. हिच्यापायी त्या मोनीचं लगन रायलं. जलमभर हिचंच तोंड होऊन रायली बिचारी."

आचल उभी राहिली. मग ती बहिणीकडे वळली आणि तिने नेहमीसारखे हाताने विचारले, काय म्हणतात?

मोनालीने चष्मा पाहिला होता. चष्मा काय करतो हे तिच्याइतके कोणाला ठाऊक होते? पण वर्षानुवर्षांची सवय बोटांत असते, ती डोक्याला विचारत बसत नाही. बोटांनी सांगून टाकले, तुझी वेणी छान आहे म्हणतात.

काचेवर बयनाबाईचे शब्द अजून तसेच होते, आणि त्यांच्या पलीकडे मोनालीचे हात.

त्या दिवसापासून आचल घरात नुसत्या हातांनी बोलेनाशी झाली. पट्ट्या काढायचीच नाही. भाकर वाढ, दार लाव, सगळे पेटीतून, पुण्याच्या त्या आवाजात. पट्टीसाठी केलेली तिची खूण मोनालीला दिसायचीच, पण मोनालीने उत्तर हाताने दिले की ती मान वळवायची, आणि तोंडाने बोलली तरच चष्म्यावर वाचायची. दशरथ दोन्ही पोरींमध्ये ताट घेऊन बसायचा आणि त्याला घास गोड लागत नसे.

अखेर एका सकाळी वेणी घालायला मोनाली फणी घेऊन आली तेव्हा आचल बोलली.

"मला शिव्या चालल्या असत्या. त्या माझ्या वाट्याच्या होत्या. तू त्या का ठेवून घेतल्यास?"

मोनाली फणीत अडकलेले केस काढू लागली. आचलने पुढे विचारले, लग्नाचे काय. साकोलीचा मुलगा आला होता, त्याला घरात मासळीचा वास आवडला नाही, असे मोनालीने तेव्हा सांगितले होते.

"वास नाई," मोनाली म्हणाली. "तुले सोडून ये म्हनला."

"आणि तू मला विचारलंही नाहीस."

"काय विचारू? तू जा म्हनली असती."

आचलने फणी तिच्या हातातून घेतली आणि वेणी स्वतःची स्वतः घातली. ती वाकडी आली. मोनाली मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

चाचणीच्या दिवशी तरीही दोघी बरोबर गेल्या. एकीने ये म्हटले नाही, दुसरीने येऊ का विचारले नाही. संस्थेच्या मागे मोठा तलाव होता. मोनालीला काठावरच्या आंब्याखाली बसवले. तिथून आचल दिसत होती, पण हात दिसणार नाहीत एवढ्या लांब.

परीक्षक देवपुजारी साहेब निवृत्तीला टेकलेले होते. आयुष्य पाण्याकाठी गेलेले. तरुणपणी त्यांच्या हाताखालचा एक पहारेकरी पुरात वाहून गेला होता आणि ती गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती. आचल डोंगा घेऊन एकटी गेली, पाण्याचे नमुने घेतले, पक्षी मोजले, कुठल्या कोपऱ्यात देवधान, म्हणजे पाण्यातले रानभात, वाढू द्यावे आणि कुठली बेशरम उपटावी ते नकाशावर दाखवले, प्रश्नांची उत्तरे पेटीतून दिली. इतर उमेदवारांइतकेच तिलाही आले, काही चुकलेही. काठाला लागताना तिने पाहिले की साहेब जोडीच्या परीक्षकाकडे वळून हळू आवाजात काही बोलताहेत. काचेवर अक्षरे उमटली.

"काम येतं हो हिला. पण तळ्यावर मागून कोणी धावून आलं तर हाकही ऐकू जायची नाही. काही बरंवाईट झालं तर घरच्यांना काय तोंड दाखवायचं? कशाला जीव धोक्यात घाला!"

आचल डोंग्यातच उभी राहिली. आजवर असा प्रसंग आला की ती बाईकडे पाहायची, आणि वेणीचे ऐकून हसून निघून जायची. आज तिने आंब्याकडे पाहिलेही नाही.

"साहेब, हे तुम्ही मला म्हणाला नाहीत, पण मला दिसलं," पेटी बोलली. "उत्तर देऊ का?"

साहेब ओशाळले. द्या म्हणाले.

"मागून येणारा मला ऐकू येत नाही, खरं आहे. म्हणून मी सारखी मागे वळून बघते. आत्ता डोंग्यातही बघत होते. भीती मलाही वाटते, बाकीच्यांना वाटते तेवढी. आणि गस्तीला एकट्यानं जायचंच नाही, असं तुमच्याच नियमात आहे. जो सोबत असेल त्याला मी खुणा शिकवीन. पण भीती तुम्हाला वाटते म्हणून तळं माझ्याकडून काढून घेऊ नका."

साहेबांनी गुणांचा कागद जोडीदाराच्या हातात दिला आणि निवडीच्या यादीत नाव लिहा म्हणाले.

आचल काठावर उतरली. हे बोलायला तिला सगळा जीव एकवटावा लागला होता. आणि चालता चालता तिच्या मनात आले, हेच मी सहा वर्षांची असताना माझ्यापर्यंत पोचले असते, तर मी काय उत्तर दिले असते? काहीच नाही. ते कोणीतरी माझ्यासाठी ठेवून घेतले, मी मोठी होईपर्यंत. नंतर परत द्यायचे तेवढे राहून गेले. तिला बहिणीचा राग होता तो होताच, पण त्याच्यासकट तिला तिच्या गळ्यात पडावेसे वाटले, आणि आंब्याखाली जाऊन ती खरोखरच गळ्यात पडली.

कागदपत्रे व्हायची होती म्हणून दोघी कचेरीच्या व्हरांड्यात बसल्या. समोर काचेची बंद खिडकी होती. आत फरहीन आणि देवपुजारी साहेब बोलत होते, मधूनमधून मोनालीकडे बोट दाखवत. आवाज बाहेर येत नव्हता.

मोनालीने मान उंच केली. तिला काही ऐकू येईना. मग तिने आचलच्या गुडघ्यावर थोपटले आणि हाताने विचारले, काय म्हणतात?

आतल्यांचे ओठ हलत होते आणि आचल ते चष्म्याच्या काचेवर वाचत होती. फरहीन सांगत होती, की पुढच्या वर्षी ऐकू न येणारे आणखी उमेदवार येतील, पाण्याच्या आणि तळ्याच्या कितीतरी शब्दांना अजून कुठल्याच सांकेतिक भाषेत खुणा नाहीत, त्या या ताईंनी आणि आचलने केल्या आहेत, तर ताईंना शिकवायला घ्या. साहेब म्हणत होते, खरे आहे, पण पदवी कुठे आहे? नियमात कशा बसवू? शेवटी ती नुसती सोबत आलेली बाई.

आचलने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मनगटांवरच्या पट्ट्याही सोडल्या. मग कितीतरी दिवसांनी तिने नुसत्या हातांनी बहिणीला सांगितले.

तुझी वेणी छान आहे म्हणतात.

मोनालीचा हात आपसूक मानेमागे गेला. तिथे कानापर्यंत कापलेले केस आणि उघडी मान, याशिवाय काही नव्हते. तिने आचलकडे पाहिले आणि तिला कळले. ती हसू लागली, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. आचलने तिला मनसोक्त रडू दिले. मग तिने पुन्हा हात उचलले आणि आतले एकेक वाक्य सांगितले, फरहीनचेही आणि साहेबांचेही, 'नुसती सोबत आलेली बाई' यासकट. एक शब्द गाळला नाही. शेवटी ती म्हणाली, आता उत्तर तुझे तू दे.

मोनाली उठली. तिने साडीला तळहात पुसले आणि दार ढकलून आत गेली. तिच्यामागून आचल.

"साहेब," मोनाली म्हणाली, "बी.एस्सी.चे सारे तास मी बसून केले. परीक्षा तेवढी रायली. थे कशी देता येते, तेवढं सांगा."

सकाळपासून या बहिणींकडचे बोलणे पेटीतूनच येत होते, म्हणून साहेबांनी सवयीने आचलच्या गळ्यातल्या पेटीकडे पाहिले. पेटी बंद होती. हे वाक्य मोनालीचे स्वतःचे होते.